पाळी लांबते तेव्हा: चाळिशीनंतर या चुका टाळा

चाळिशी ओलांडलेल्या बाईची पाळी दहा-बारा दिवस रेंगाळू लागली, म्हणजे रक्तस्राव तितके दिवस चालू राहू लागला, की घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे निदान ठरलेले असते: "आता जायची वेळ आली, जाताना अशीच त्रास देते." हे निदान पूर्णपणे चुकीचे नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. पाळी कायमची जाण्यापूर्वीच्या काही वर्षांत बीजकोशातून दर महिन्याला बीज बाहेर पडेलच असे नसते. बीज बाहेर पडले नाही तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही, एकट्या इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली गर्भाशयाचे आतले अस्तर वाढत राहते, आणि मग ते एका वेळी सुटून न येता तुकड्यातुकड्यांनी कित्येक दिवस सुटत राहते. परंतु असेच अस्तर दीर्घकाळ वाढत राहिले तर त्यात विकृत वाढ होऊ शकते आणि काही स्त्रियांमध्ये तिचे पर्यवसान कर्करोगात होते. पॉलिप (अस्तरातून वाढलेला लहान मांसल भाग), फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूतली कर्करोगाची नसलेली गाठ) किंवा थायरॉईड ग्रंथीचा बिघाड यांमुळे होणारा रक्तस्रावही दिसायला अगदी तसाच असतो. म्हणजे विशीतल्या मुलीची पाळी एखादे वेळी लांबली तर थोडे थांबून पाहता येते. पंचेचाळिशीतल्या बाईने मात्र वयाकडे बोट दाखवून थांबू नये, कारण तपासणी लवकर करून घ्यावी असे सुचवणारी गोष्ट तिच्या बाबतीत वय हीच आहे.

दिवस न मोजणे

आपल्याकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गॅसचा सिलिंडर कधी लावला आणि दूध कोणत्या दिवशी आले नाही याची नोंद असते, पाळीची नसते. डॉक्टरांनी विचारले की "मागच्या महिन्यात चतुर्थीच्या आसपास आली असावी" असे उत्तर येते. या उत्तरावरून कोणताही डॉक्टर काही ठरवू शकत नाही. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवसांचे अंतर आणि रक्तस्राव ८ दिवसांपर्यंत, ही साधारण मर्यादा आज स्त्रीरोगतज्ज्ञ मानतात. शेवटी दोन-तीन दिवस नुसता तपकिरी डाग लागत असेल तर बहुतेक जणी ते दिवस धरत नाहीत. ते धरावेत, आणि डाग होता की प्रवाह होता हे शेजारी लिहावे.

प्रमाणाचेही तसेच. एका पाळीत ८० मिलीलिटरहून अधिक रक्त जाणे म्हणजे अतिरक्तस्राव, ही पुस्तकी व्याख्या घरी मोजता येत नाही (मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्या स्त्रियांना मात्र येते, कारण बऱ्याच कपांवर खुणा असतात). तरी काही गोष्टी कोणालाही दिसतात. दिवसाला किती पॅड पूर्ण भिजले, रात्री उठून पॅड बदलावे लागले का, एकावर एक दोन पॅड घ्यावे लागले का, आणि रक्ताच्या गाठी दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या होत्या का, हे लिहून ठेवावे.

"गाठी" या शब्दाविषयी थोडे सांगायला हवे. आपल्या बोलण्यात गोठलेल्या रक्तालाही गाठी म्हणतात आणि गर्भाशयातल्या फायब्रॉइडलाही गाठीच म्हणतात. त्यामुळे "मला गाठी आहेत" असे सांगणाऱ्या बाईचा जुना सोनोग्राफीचा अहवाल शोधला जातो आणि तिला सांगायचे असते ते वेगळेच. "रक्तातून गाठी पडतात" असे स्पष्ट सांगावे. अहवालातल्या "पिशवी जाड आहे" या वाक्याचाही असाच घोटाळा होतो: गर्भाशयाचा आकार वाढलेला असणे आणि त्याचे अस्तर जाड असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोणती आहे ते विचारून घ्यावे.

"थांबले की जाते"

रक्त थांबले की दाखवायला जाते, असे म्हणत माझ्या नात्यातील एका वहिनींनी ही चूक २३ दिवस केली. गोव्यातल्या डिचोलीहून म्हापशाला जायला बस मिळत नव्हती असे नाही. रक्त जात असताना तपासायला कसे जायचे, हा संकोच होता. दाखवायला गेल्या तेव्हा हिमोग्लोबिन ७ च्या खाली उतरले होते आणि घराच्या पायऱ्या चढताना त्यांना दम लागत होता. दम वयामुळे लागतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. कारण निघाले ते गर्भाशयाच्या आतला एक लहानसा पॉलिप.

रक्तस्राव चालू असतानाही डॉक्टर प्रश्न विचारू शकतात, नाडी व रक्तदाब पाहू शकतात, रक्त तपासायला देऊ शकतात आणि बहुतेक वेळा सोनोग्राफी व आतली तपासणीही करू शकतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना त्यात नवल वाटत नाही. गोव्यात अंतरे मोठी नाहीत: जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करता येते, म्हापशाला (त्या रुग्णालयाला अनेक जण अजूनही आझिलोच म्हणतात) आणि मडगावला जिल्हा रुग्णालय आहे, फोंड्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि गुंतागुंत असेल तर बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे (राज्य सरकारच्या आरोग्य विम्याचे) कार्ड असल्यास बरोबर घ्यावे. चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटेही सोबत न्यावीत.

त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासाला जाण्यासारखी परिस्थिती कोणती, हे घरातल्या इतरांनाही ठाऊक असावे. सलग दोन तास दर तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीत धडधडत किंवा दुखत असेल, बसल्या जागी दम लागत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर १०८ वर फोन करावा. स्कूटरच्या मागे बसवून नेऊ नये. रक्तस्राव एवढा नाही, पण ८ दिवसांच्या पुढे चालला आहे, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसते आहे किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाते आहे, तर एक-दोन आठवड्यांत भेटीची वेळ घ्यावी. एकाच महिन्यात एक-दोन दिवस अधिक लागले आणि पुढची पाळी नेहमीसारखी आली, तर नोंद ठेवून पुढची पाळी पाहणे पुरेसे असते.

चवथीच्या आधी घेतलेल्या गोळ्या

ही चूक आपल्या भागात श्रावण-भाद्रपदात हमखास होते. घरात गणपती यायचा असतो, माटोळी बांधायची असते, नेवऱ्या करायच्या असतात, आणि तारीख नेमकी त्याच आठवड्यात पडते. मग फार्मसीतून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात, बहुधा जावेच्या किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून. या गोळ्यांत सामान्यतः नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध असते. त्याने अस्तर टिकवून धरले जाते आणि गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. निरोगी, नियमित पाळीच्या बाईने डॉक्टरांना विचारून एखाद्या वेळी ती घेतली तर सहसा बिघडत नाही. पण पाळी आधीच अनियमित असेल तर पुढची तारीखच खात्रीची नसते, त्यामुळे गोळी चुकीच्या दिवशी सुरू होते, मध्येच डाग लागतो, घाबरून गोळ्या वाढवल्या जातात, आणि विसर्जन झाल्यावर गोळ्या सोडताच साठलेले जाड अस्तर सुटू लागून पंधरा-पंधरा दिवस रक्त जाते. कारण न कळलेला रक्तस्राव चालू असताना, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असताना, यकृताचा गंभीर आजार किंवा स्तनाचा कर्करोग असताना ही गोळी स्वतःहून घेऊच नये.

सोवळ्याओवळ्याचे काय करायचे ते ज्याच्या त्याच्या घरी ठरेल. मला इतकेच वाटते की, सणाच्या तयारीत घरातल्या बाईच्या रक्ताचा हिशेब सगळ्यात शेवटी लागू नये.

हीच गोळी डॉक्टरांनी उपचार म्हणून दिलेली असते तेव्हा उलटी चूक होते. रक्त थांबले म्हणून ती पाचव्या दिवशीच सोडली जाते आणि रक्तस्राव पुन्हा, पूर्वीपेक्षा जोरात सुरू होतो. ठरवून दिलेले दिवस पूर्ण करावेत. ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्ताचे प्रमाण निश्चित कमी होते, पण त्या पाळीच्या चार-पाच दिवसांपुरत्या असतात आणि त्यांनी मूळ कारण जात नाही. मागच्या वर्षीच्या पाकिटात उरलेल्या गोळ्या काढून दर महिन्याला घेत राहणे म्हणजे तपासणी पुढे ढकलणे होय. रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या बाईला त्या धोकादायक ठरू शकतात.

एक अहवाल चांगला आला म्हणून निश्चिंत होणे

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या जागतिक संघटनेने २०११ साली अशा रक्तस्रावाची कारणे नऊ गटांत विभागली. पॉलिप, ॲडिनोमायोसिस (अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूत शिरणे), फायब्रॉइड आणि अस्तरातील विकृत वाढ किंवा कर्करोग हे चार गट रचनेतले, म्हणजे यंत्रातून किंवा सूक्ष्मदर्शकातून दिसू शकणारे. रक्त गोठण्यातील दोष, बीज न सुटणे, अस्तराचाच बिघाड, औषधे व उपकरणे आणि इतर हे पाच गट न दिसणारे. तेव्हा "सोनोग्राफी नॉर्मल आहे" याचा अर्थ पहिल्या चारांपैकी ठळक असे काही दिसले नाही, एवढाच होतो. लहान पॉलिप पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत निसटतो, आणि पाळी अजून चालू असलेल्या बाईत अस्तराची जाडी दिवसागणिक बदलत असल्याने एका आकड्यावर विसंबता येत नाही. म्हणूनच वय ४५ च्या पुढे असेल, किंवा त्याआधीच लठ्ठपणा, मधुमेह, बरीच वर्षे अनियमित पाळी असा इतिहास असेल, तर डॉक्टर अस्तराचा नमुना घेऊन बायोप्सी करायला सांगतात. बायोप्सी हा शब्द ऐकताच कर्करोग झालाच असे धरून घरात रडारड करण्याचे कारण नसते. बहुतेकांच्या नमुन्यात कर्करोग सापडत नाही.

पॅप स्मीअरविषयी गैरसमज फारच पसरला आहे. ती चाचणी गर्भाशयाच्या मुखाची असते. आतल्या अस्तरात काय चालले आहे, हे तिच्यावरून कळत नाही.

लोहाच्या गोळ्या आणि तांबडी भाजी

हिमोग्लोबिन १२ च्या खाली असणे म्हणजे गरोदर नसलेल्या बाईच्या बाबतीत रक्तक्षय. तांबडी भाजी, कुळीथ, नाचणी, तिसऱ्या हे सगळे खावे. पण दर महिन्याला पंधरा दिवस रक्त जात असताना केवळ ताटातून ते भरून निघत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही, आणि आपल्याकडे सकाळी गोळी आणि चहा-पाव एकाच वेळी पोटात जातात. मध्ये निदान एक-दोन तासांचे अंतर ठेवावे. गोळीने शौचाला काळे होते, ते पाहून गोळी सोडू नये. हिमोग्लोबिन वर आल्यावरही शरीरातला साठा भरायला साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. कोकमाचे सरबत किंवा दूर्वांचा रस घेतल्याने कोणाचे नुकसान होणार नाही, परंतु त्यासाठी तपासणी थांबवू नये.

तांबी, गरोदरपण आणि इतर विसरलेल्या गोष्टी

धाकट्या मुलानंतर बसवलेली तांबी अनेक जणी विसरून गेलेल्या असतात. तांब्याच्या तांबीने रक्तस्राव वाढू शकतो. याउलट संप्रेरक सोडणारी जी तांबी असते, ती रक्तस्राव कमी करण्यासाठीच बसवतात. मात्र पहिले तीन ते सहा महिने तिच्याने अधूनमधून डाग लागतो आणि नेमकी त्याच काळात कंटाळून ती काढून टाकली जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे, आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि पंचेचाळिसाव्या वर्षीही गर्भ राहू शकतो. लांबलेली पाळी म्हणून जे समजले ते गर्भपाताचे रक्त असू शकते, त्यामुळे डॉक्टरांनी लघवीची चाचणी सांगितली तर त्यात अपमान मानू नये.

थेट पिशवी काढायला तयार होणे

"मुलेबाळे झाली, आता पिशवी ठेवून करायचे काय?" हा प्रश्न घरचेही विचारतात. फार मोठ्या फायब्रॉइडमध्ये, कर्करोगात किंवा इतर उपाय थकल्यावर ती शस्त्रक्रिया योग्य असते. पण वहिनींचा पॉलिप दुर्बिणीने काढला गेला आणि पिशवीला हात लावावा लागला नाही. कारण कळण्यापूर्वी शस्त्रक्रियेची तारीख दिली जात असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, आणि बीजकोशही काढणार आहेत का, हे वेगळे विचारावे. पाळी जाण्याआधी ते काढले तर हाडांवर व हृदयावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

पाळी गेल्यानंतर दिसलेले रक्त

सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असे मानतात. भारतीय स्त्रियांमध्ये हे साधारणपणे ४६-४७ च्या सुमारास घडते. त्यानंतर दीड वर्षाने एखादा डाग दिसला, की "परत आली बघ" म्हणून हसण्यावारी नेले जाते. इथे मात्र ८ दिवसांचा, पॅडचा, गाठींचा कोणताही हिशेब लागू होत नाही. डाग एकदाच आला, फिकट होता, दुखले नाही, तरीही स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे. अशा दहा जणींपैकी साधारण नऊ जणींत कर्करोग निघत नाही. अस्तर पातळ व कोरडे झाल्यामुळेही रक्त येते. ज्या दहाव्या जणीत तो निघतो, तिच्यात बहुधा तो अजून गर्भाशयापुरताच असतो आणि शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता चांगली असते. डाग दिसला ती तारीख लिहून त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.