रिटर्नच्या दिवसांत नेट आवरायचं कसं

जीएसटीआर-2बी, म्हणजे खरेदीवर मिळणाऱ्या जीएसटी क्रेडिटचा पोर्टलवरचा तक्ता, 14 तारखेला येतं आणि 20 तारखेपर्यंत 3बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायचं असतं. सियागंज असो की क्लॉथ मार्केट, इंदूरच्या हिशेबाच्या ऑफिसांत नेमक्या याच दिवसांत रील्स जास्त पाहिल्या जातात. कारण काम अडलं की हात मोबाइलकडे जातो. बिल जुळत नाही, पोर्टल फिरत राहतं, पार्टी (ज्याचा हिशेब आपण ठेवतो तो व्यापारी) फोन उचलत नाही, आणि बघता बघता अर्धा तास जातो.

म्हणून आधी दोन दिवस टेबलावर एक कागद ठेवा. मोबाइल उचलला की वेळ आणि हातातलं काम लिहा, बाकी काही नको. तीच ती दोन-तीन कामं पुन्हा पुन्हा दिसतील. त्यांचे तुकडे करा: ‘रिटर्न भरायचं’ असं न लिहिता ‘पहिली दहा खरेदी बिलं 2बीशी ताडायची’ असं लिहा. अडल्यावर काय करायचं तेही आधीच ठरवा: पोर्टल अडकलं, तर पुढच्या पार्टीचं रजिस्टर उघडायचं. अशा ‘जर-तर’ ठरावांचा मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी अभ्यास केला आहे. नुसत्या ‘आजपासून बघणार नाही’पेक्षा ते जास्त टिकतात.

आता मोबाइल. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये प्रत्येक अ‍ॅपला रोजची मर्यादा घालता येते, पण ती काढायलाही क्षणभर पुरतो. त्यापेक्षा ते अ‍ॅपच काढून टाका. बघायचंच झालं तर ब्राउझरमध्ये पासवर्ड टाकून बघावं लागेल, आणि तेवढ्या खटाटोपात बरेचदा बेत बारगळतो.

व्हॉट्सअ‍ॅप मात्र बंद करता येत नाही, पार्टीचा ओटीपी तिथेच येतो. त्या दिवशीच्या तीन पार्ट्या वर पिन करा, नातेवाइकांचे आणि सोसायटीचे ग्रुप अर्काइव्ह करा. नवा मेसेज आला तरी ते अर्काइव्हमध्येच राहतील, अशी सेटिंग चालू आहे ना, तेवढं पाहा. घरी सांगून ठेवा: तातडीचं असेल तर फोनच करा.

विंडोज कॉम्प्युटरवर साइट बंद करायची तर नोटपॅड ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. सिस्टिम32 फोल्डरमध्ये ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, त्यात होस्ट्स नावाची फाइल असते. ‘ऑल फाइल्स’ निवडल्याशिवाय ती दिसत नाही. सगळ्यात खाली 127.0.0.1 (हा आपल्याच कॉम्प्युटरचा पत्ता), मग एक स्पेस आणि साइटचं नाव लिहा. दुसऱ्या ओळीत तेच नाव पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून लिहा. ही दुसरी ओळ लिहायची राहून गेली की साइट उघडते आणि उपाय फसला असं वाटतं. फाइल सेव्ह करताना मागे टीएक्सटी लागू देऊ नका. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड नसेल तर कामासाठी ब्राउझरमध्ये वेगळी प्रोफाइल करा आणि तिच्यात करमणुकीच्या एकाही साइटवर लॉगिन ठेवू नका.

यूट्यूबवर टॅलीची (हिशेबाच्या सॉफ्टवेअरची) अडचण सुटते, हे खरं. पण प्रश्न कागदावर लिहून ठेवा आणि चारच्या चहाआधी 15 मिनिटांत एकदम बघा. अशी ठरलेली वेळ हवीच. पूर्ण बंदी फार दिवस टिकत नाही.

आठवड्याने कागद पुन्हा काढा. तेच काम अजून दिसत असेल तर ते येत नाही म्हणून टळतंय, आणि तिथे कोणतंही ब्लॉकिंग चालणार नाही. सीएसाहेबांकडून एकदा बसून ते शिकून घ्या, शक्यतो 14 तारखेच्या आत.