वर्करला ना लॉगिन, ना पत्ता

नोकरीच्या पहिल्या वर्षी आलेलं काम ऐकायला किरकोळ होतं: महिन्याचा अहवाल पीडीएफमध्ये द्यायचा. बटण दाबलं की सर्व्हर पीडीएफ बनवणार. माझ्या लॅपटॉपवर वीस ओळींच्या डेटावर झकास चाललं. खऱ्या डेटावर मात्र ५०४, म्हणजे 'उत्तर वेळेत आलं नाही' ही चूक. आमच्या अ‍ॅपच्या पुढे उभा असलेला वेब सर्व्हर, एनजिनएक्स, मागच्या सर्व्हरची मुळात ६० सेकंदच वाट पाहतो. मी ती मर्यादा ३०० केली आणि स्वतःवर खूश झालो. मग काही जणांनी एकदमच बटण दाबलं, सगळ्या वेब प्रोसेस पीडीएफ बनवण्यात अडकल्या आणि बाकीच्यांना लॉगिनचं पानही उघडेना.

सिनिअर म्हणाली, "रांगेत टाक." म्हणजे ब्राउझरकडून आलेल्या विनंतीने फक्त कामाची, म्हणजे जॉबची, नोंद करून मोकळं व्हायचं आणि पीडीएफ वर्करने, म्हणजे मागे वेगळ्या चालणाऱ्या प्रोसेसने, बनवायची. पायथनवाले यासाठी बहुतेक सेलरी ही लायब्ररी घेतात, आमच्याकडे रुबी, म्हणून तिथली साइडकिक. बसवायला अर्धा दिवस लागला. पुढचे दोन आठवडे कशात गेले ते सांगतो, कारण ट्युटोरियल नेमकी इथेच संपतात.

विनंतीच्या आत चालणाऱ्या कोडला कितीतरी गोष्टी आयत्या मिळतात: कोण लॉगिन आहे, साइटचा पत्ता काय, भाषा आणि टाइमझोन कोणता. वर्करला यातलं काहीच ठाऊक नसतं. टेम्प्लेटमध्ये लोगोचा पत्ता अर्धवट होता. ब्राउझर तो आपसूक पुरा करायचा, वर्करकडे जोडायला डोमेनच नव्हतं. लोगो गायब, सीएसएस गायब. तारखा भारतीय वेळेऐवजी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. मी शहाणपणा करून हेडलेस क्रोमला, म्हणजे खिडकी न उघडता चालणाऱ्या क्रोमला, आमच्याच साइटचं अहवालाचं पान उघडायला लावलं. त्याच्याकडे सेशन, म्हणजे लॉगिन झाल्याची खूण, नव्हतं, त्यामुळे अहवालाच्या नावाने लॉगिनच्या पानाची सुबक पीडीएफ तयार झाली. जॉबपुढे शेरा: यशस्वी. तेव्हापासून मी एचटीएमएल वर्करमध्येच तयार करतो, वापरणाऱ्याचा आयडी आणि टाइमझोन जॉबसोबत देतो आणि चित्रं बेस६४ करून, म्हणजे मजकुराच्या रूपात, आतच घालतो.

मग फॉन्ट. लॅपटॉपवर मराठी नीट, सर्व्हरवर ओळीच्या ओळी चौकोन. आमचं अ‍ॅप सर्व्हरवर डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंदिस्त डब्यात, चालतं, आणि त्याच्या हलक्या इमेजमध्ये देवनागरी फॉन्टच नसतो. नोटो सॅन्स देवनागरी टाकला आणि प्रश्न मिटला. चौकोनांऐवजी जोडाक्षरं फुटलेली दिसली किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडली, तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. पीडीएफ बनवणारी तुमची लायब्ररी अक्षरांची जुळणी करत नाही. क्रोम हे काम हार्फबझ या जुळणीच्या लायब्ररीकडून करून घेतो, म्हणून मराठी मजकुरासाठी मी त्याच्याकडेच वळतो. इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांत वारंवार भेटणारं डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ हे साधन नव्या कामात घेऊ नका. त्याचा गिटहबवरचा प्रकल्प २०२३ पासून बंद करून ठेवला आहे.

क्रोमचंही एक आहे. डॉकरमध्ये शेअर्ड मेमरी, म्हणजे प्रोसेसनी आपसात वाटून वापरायची मेमरी, मुळात ६४ एमबीच मिळते आणि मोठ्या अहवालावर तो मध्येच कोसळतो. कंटेनर सुरू करताना ती वाढवा.

रांगेत डेटाबेसमधली अख्खी नोंद नको, फक्त तिचा आयडी. तोही ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावरच, म्हणजे नोंद डेटाबेसमध्ये पक्की झाल्यावरच, टाका, नाहीतर चपळ वर्कर आधी पोचतो आणि नोंद सापडत नाही म्हणून बोंब मारतो. तयार फाइल वर्करच्या डिस्कवर ठेवू नका, वेब सर्व्हरला ती डिस्क दिसेलच असं नाही. आम्ही ती ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे सगळ्यांना पोचता येईल अशा फाइलींच्या सामायिक साठ्यात, ठेवून ठरावीक वेळेत संपणारी लिंक देतो.

एकच जॉब दोनदा चालेल असं धरूनच कोड लिहा. माझा जॉब आधी पीडीएफ मेल करायचा आणि नंतर फाइल साठवताना पडायचा. साइडकिक पडलेला जॉब मुळात २५ वेळा, सुमारे तीन आठवडे, पुन्हा करून बघतो. एका ग्राहकाला तोच अहवाल नऊ वेळा गेला. नवव्या मेलला त्याचं उत्तर आलं, "मिळाला." त्याच दुपारी मी मेलचा वेगळा जॉब केला, तो फाइल साठवल्यावरच रांगेत जाईल असं केलं, आणि अहवालाच्या नोंदीत 'मेल गेला' असा रकाना घातला.