ड्राइव्ह पीएलसीला जोडायलात? मग चालू मोटरवर कम्युनिकेशनचा प्लग काढून बघा

जालन्यात डिप्लोमा केला अन् वाळूज एमआयडीसीत पॅनेलच्या कामाला लागलो. स्टार-डेल्टा तोंडपाठ होतं, पण मॉडबस, म्हणजे मशीन वायरवरून एकमेकांशी बोलायची भाषा, कुणी दाखवलाच नव्हता. आता नवीन पोरं विचारतात, भैय्या ड्राइव्ह (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा) पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) कसा जोडायचा, म्हणून लिहितोय.

एकच ड्राइव्ह असंल तर माझं मत सरळ आहे, रन-स्टॉप डिजिटल इनपुटवर घ्या अन् स्पीडला ०-१० व्होल्ट नाहीतर ४-२० मिलीअँप द्या. चार-पाच ड्राइव्ह असले, करंट अन् फॉल्ट स्क्रीनवर पाहिजे असले, तर मग आरएस-४८५, म्हणजे दोन वायरींच्या लाइनवर मॉडबस. दोन्हीकडं बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट या कम्युनिकेशनच्या सेटिंग सेम पाहिजे, प्रत्येक ड्राइव्हला वेगळा स्टेशन नंबर. डेल्टाच्या ईएल सिरीजमधे २०००एच या पत्त्यावर रन-स्टॉपची कमांड जाते अन् २००१एच वर फ्रिक्वेन्सी, ५० हर्ट्झ पाहिजे तर ५००० लिहायचं, कारण शेवटचे दोन आकडे पॉइंटनंतरचे धरतात. काही सॉफ्टवेअरमधे पत्ता एकनं पुढं टाकावा लागतो. सगळं बरोबर असून उत्तरच येत नसंल तर ए अन् बी वायर उलटून बघा, कंपन्या नावं उलटी-सुलटी देतात.

माझ्या पहिल्या साइटवर कन्व्हेयर होता. टेबलवर सगळं चाललं, साइटवर मोटर बंद असली की कम्युनिकेशन ओके, अन् मोटर फिरायली की एरर. एकदा तर चालू असतानाच कम्युनिकेशन गेलं, मी स्क्रीनवर स्टॉप दाबायलोय, दाबायलोय, अन् बेल्ट आपला शेवटच्या स्पीडवर तसाच पळायलाय, माल पुढं जाऊन पडायला लागला. वायरमन काकांनी पळत जाऊन पॅनेलचा मेन पाडला तेव्हा थांबला. माझे हात थरथरत होते.

मीच कम्युनिकेशनची केबल मोटरच्या केबलसोबत एका ट्रेमधून ओढली होती. ड्राइव्हच्या आउटपुटला सेकंदाला हजारो वेळा स्विचिंग होतं, तो नॉइज शेजारच्या वायरमधे घुसतो. मग वेगळा कंड्युट घेतला, शिल्डेड ट्विस्टेड पेअर (पीळ दिलेल्या दोन वायरी, वरून जाळी) ओढली, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केली, लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले. एरर गेली.

पण खरी चूक दुसरी होती. कम्युनिकेशन तुटलं तर काय करायचं हे ड्राइव्हला सांगितलेलंच नव्हतं. त्यासाठी टाईमआउटचा पॅरामीटर (किती सेकंद मेसेज आला नाही तर फॉल्ट धरायचा ती सेटिंग) असतो, बऱ्याच ड्राइव्हमधे तो येतानाच बंद असतो. मी ३ सेकंद टाकले अन् फॉल्ट आला की थांब असं सेट केलं. इमर्जन्सी स्टॉप तर कम्युनिकेशनवर ठेवूच नका, त्याची हार्डवायरिंग वेगळी करा. आणि ड्राइव्हचं कव्हर उघडायच्या आधी सप्लाय पाडून १० मिनिटं थांबा, कपॅसिटरमधे चार्ज राहतो.

पुढच्या साइटवर लोडिंगच्या आधी मोटर २० हर्ट्झवर चालवली अन् काकांना म्हणलं, काढा प्लग. त्यांनी काढला, आम्ही दोघं मोठ्यानं मोजायलो, एक, दोन, तीन. ड्राइव्हवर फॉल्ट आला अन् बेल्ट थांबला.