दरवाजा बसत नाही म्हणून स्ट्रायकर सरकवू नका: जुन्या मारुती ८००चे गॅप जुळवताना या चुका टाळा

पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हातात पडली १४ डिसेंबर १९८३ला, आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे अगदी शेवटच्या लॉटमधली गाडीसुद्धा आता दहा वर्षांहून जुनी आहे. तरुण पोरं हौसेनं या गाड्या घेतात, घरी पाना हातात धरतात, हे बघून मला मनापासून बरं वाटतं. पण पत्रे आणि त्यांच्यामधल्या फटी, म्हणजे गॅप, जुळवायला बसली की सगळी तेच घोळ घालतात.

सगळ्यात जास्त राग येतो तो स्ट्रायकरशी खेळण्याचा. स्ट्रायकर म्हणजे पिलरवरची, दरवाजाच्या चौकटीच्या खांबावरची, ती कडी, जिच्यात दरवाजाचं लॉक अडकतं. ड्रायव्हरचा दरवाजा वर्षानुवर्षं उघडझाप होऊन, उतरताना त्यावर भार टाकून मागून खाली बसतो. मग लॉक कडीच्या खालच्या बाजूला आपटतं. यावर सोपा उपाय काय सुचतो? दोन स्क्रू ढिले करा, कडी खाली घ्या, दरवाजा लागला!

माझ्या भाच्यानं हेच केलं. १९९८ची पांढरी गाडी, आधीच्या मालकानं जपलेली. मला फोन करून म्हणाला, "मामा, दहा मिनिटांत काम झालं." चार महिन्यांनी गाडी माझ्याकडे आली. पुढच्या दरवाजाची वरची मागची कड मागच्या दरवाजाला घासत होती. दोन्हीकडचा रंग निघून पत्रा उघडा पडला होता आणि मधे पावसाळा होऊन गेल्यामुळे त्यावर गंज धरला होता. दरवाजा लावताना सगळी गाडी हलायची. आतून उघडायचा तर खांदा लावावा लागत होता.

मी आधी स्ट्रायकर पूर्ण काढून ठेवला. मग दरवाजा अर्धा उघडून खालच्या मागच्या कोपऱ्याला हात घालून वर उचलला. गाडी जागची हलली नाही, पण दरवाजा बोटभर वर आला. हिंजची, म्हणजे बिजागरीची, पिन काढली तर तिच्यावर नखाला लागेल एवढी खाच पडलेली. दोष तिथे होता, आणि उपचार दीड हात लांब पिलरवर चालले होते. हिंज बदलली, दरवाजा लावून बघितला, आणि मग स्ट्रायकर परत बसवला. त्याची मूळ जागा शोधावी लागली नाही, कारण कारखान्यातल्या रंगावर जुन्या कडीचा ठसा तसाच होता. तो ठसा दिसत असेल तर तुम्हीही त्याच्यावर विश्वास ठेवा. स्ट्रायकर सरकवायचा तो शेवटी, आणि तोही केसभर.

पिन ठीक असेल आणि तरी दरवाजा मागून लोंबत असेल, तर पुढचा गॅप बघा. वर रुंद आणि खाली अरुंद दिसेल. अशा वेळी खालच्या हिंजमागे पातळ वॉशर घालतात. हिंजपाशी १ मिमी बदल केला की दरवाजाच्या मागच्या टोकाला तो निदान दुप्पट दिसतो, म्हणून एका वेळी एकच वॉशर. दरवाजाखाली जॅक लावून वर दाबणारे डेंटर मी पाहिलेत. लोंबणारा दरवाजा त्या दिवशी वर येतो, हे खरं. पण पिलरचा पत्रा वाकतो, आणि वाकलेल्या पत्र्याला वॉशरचा उपाय नाही.

दुसरी चूक म्हणजे फेंडरपासून, पुढच्या चाकावरच्या पत्र्यापासून, सुरुवात करणं. फेंडरचे बोल्ट दहाच्या पान्यानं पटकन सुटतात, म्हणून नवखा माणूस तिथेच हात घालतो. लोंबलेल्या दरवाजाला जुळेल असा फेंडर सरकवतो. मग फेंडरला बोनेट जुळत नाही, म्हणून बोनेट तिरकं करतो. मग हेडलाइट, मग बंपर. एका दरवाजाचा दोष असा गाडीच्या नाकापर्यंत पोचतो. मागचा क्वार्टर पॅनेल, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, वेल्ड केलेला आहे, तो हलणार नाही, त्यामुळे माप तिथूनच सुरू होतं. त्याला मागचा दरवाजा जुळवा, मागच्याला पुढचा, पुढच्याला फेंडर, फेंडरला बोनेट. दिवे आणि बंपर सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडून गाडी सरळ झालेली मी अजून पाहिली नाही.

गॅप मोजायला मी पाच जुनी एटीएम कार्डं एकावर एक चिकटवून ठेवली आहेत. जाडी जवळजवळ ४ मिमी होते. वर, मध्ये, खाली सारखी अडली पाहिजेत. प्लास्टिकनं रंगाला चरा पडत नाही.

गाडी जॅकवर असताना गॅप बघू नका. चारही चाकं सपाट जमिनीवर हवीत.

बोल्ट सोडण्याआधी हिंजभोवती मार्करनं रेघ मारा. कडांना मास्किंग टेप लावा.

चौकटीभोवतीची रबरी पट्टी, म्हणजे रबर बीडिंग, नवीन बसवल्यावर दरवाजा बाहेर आलेला दिसतो. लगेच हिंज सोडू नका. बाजारातलं रबर पुष्कळदा मूळ रबरापेक्षा जाड असतं. काही दिवस दरवाजा लावून ठेवा, ते दबतं. नाहीच दबलं तर दुसरं रबर आणा.

लांबी, म्हणजे पत्र्यावर लावायची पुट्टी, भरून गॅप कमी करणं याला मी काम म्हणत नाही. कडेला भरलेली लांबी दरवाजा आपटला की सुटते आणि तिच्यामागे पाणी साचतं.

कोकणातली गाडी असेल तर पाना उचलण्याआधी रनिंग बोर्ड, म्हणजे दरवाजांखालचा पत्रा, खालून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. आवाज खणखणीत आणि एकसारखा आला पाहिजे. बद्द आवाज आला, पापुद्रे पडले, तर आधी वेल्डर. खालचा पत्रा कुजला की पिलर खचतो आणि दरवाजाची चौकटच वाकडी होते. टेपनं चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि दुसऱ्या बाजूच्या चौकटीशी ताडून बघा. फरक मोठा असेल तर हिंज कितीही हलवा, गॅप जुळणार नाही.

आणि बोनेट. पुढच्या रबरी बफरची उंची फिरवून फिरवून कमी-जास्त होते, हे अनेकांना माहीतच नसतं. बोनेट फेंडरपेक्षा वर दिसलं की ते थेट हातानं दाबून वाकवतात. आधी बफर खाली घ्या, मग लॅच, म्हणजे बोनेटची कडी. हिंज हलवल्यानंतर पहिल्यांदा बोनेट लावताना सोडून देऊ नका. दोन्ही हातांनी हळूहळू खाली आणा आणि मागचे कोपरे कुणाला तरी वाकून बघायला सांगा. फेंडरच्या कडेचा रंग उडतो तो त्याच एका आपटण्यात.