मायच्या पुरचुंडीतला वाल: घरचं बी कसं जपावं, कसं लावावं

तेरवी झाली आणि फळीवरची गाडगी उतरवली, तर एकात राखेत पुरलेली पुरचुंडी निघाली. मायच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत वालाचं बी. तांबूस-काळं, प्रत्येक दाण्याच्या कडेला पांढरी रेघ. मी मिरगाच्या पहिल्या पावसात सगळंच बी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, टोबून टाकलं. मग झड लागली. काळ्या मातीत चार दिवस पाणी साचलं. उकरून पाहिलं तर दाण्यांचा लगदा बोटाला लागला.

तेव्हा कोणाच्या आठवणीचं बी हाती आलं, तर आधी त्याचे दोन भाग करा. निम्मं पुन्हा राखेत ठेवा. उरलेल्यातले १० दाणे ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, फडकं वाळू देऊ नका. आठवडाभरात सात-आठ दाण्यांना मोड आले तर एका जागी तीन दाणे पुरतात. चारच आले तर पाच-सहा टोबा. मोड आलेले दाणे फेकायचे नाहीत, तेही लावायचे.

मिरगाची घाई नको. जमीन वीतभर ओली झाली आणि झड ओसरली की लावा. काळ्या मातीत आळं करू नका, उलट टोपलंभर कुजलेलं शेणखत मातीत मिसळून वीतभर उंच ढीग करा आणि त्यावर इंचभर खोल दाणे टोबा. दोन ढिगांत चार-पाच फूट अंतर ठेवा. युरिया नको. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र घेतातच, वरून खत दिलं तर नुसता पाला माजतो. वेल हातभर होईपर्यंत पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्यांचा आधार चालतो, पुढे बांबूचा मांडव किंवा कुंपण लागतं.

खरी परीक्षा श्रावण-भादव्यात. वेल मांडवभर पसरतो आणि फूल म्हणून दिसत नाही. येणारा-जाणारा म्हणतो, वांझ आहे, उपटून टाक. ऐकू नका. जुना वेलवर्गी वाल दिवस लहान व्हायला लागल्यावरच कळी धरतो. त्यामुळे पितृपक्षात पानावर वाढायला शेंगा मिळत नाहीत, पण भोगीच्या भाजीला मिळतात. माझी माय पितराच्या पानापेक्षा भोगीच्या भाजीलाच जास्त मान द्यायची, म्हणून मला ते बरंच वाटतं.

कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसला तर सकाळच्या दवात चाळलेली राख टाका. जास्त असेल तर ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारा.

बियाण्यासाठी शेवटी उरलेल्या बारक्या शेंगा ठेवणं ही नेहमीची चूक. ऐन बहरात सगळ्यात निरोगी वेल निवडा, त्याला लाल धागा बांधा आणि त्याच्या शेंगांना हात लावू नका. वाल बहुतेक स्वतःच्याच परागावर धरतो, पण भुंगे थोडी सरमिसळ करतात. जवळ दुसऱ्या जातीचा वाल लावू नका. शेंगा वेलावरच वाळून खुळखुळल्या पाहिजेत. सोलून दाणे सावलीत वाळवा. दाताखाली दाणा दबला तर अजून वाळवायचा, कट्कन फुटला तर झाला. मग कोरडी राख, वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि घट्ट झाकणाची बरणी. चिठ्ठीवर वर्ष आणि ज्यांचं बी त्यांचं नाव लिहा. खायचे वाळले दाणे मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, चांगले शिजवावे; कच्चे खाऊ नयेत.

माझं बी कुजलं तरी वाल गेला नाही, कारण मायने कधीकाळी मावशीला मूठभर दिलं होतं. तिच्या फळीवर ते सापडलं. गावठी बियाण्यांसाठी २०२० ची पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे यांचं नाव आज सगळ्यांना ठाऊक आहे, पण अशा फळ्या गावोगावी आहेत. आधी आपल्या नात्यात विचारा.

तेव्हापासून दरवर्षी निदान पाच घरी बी द्यायचं ठरवलं. यंदा हळदीकुंकवाला बायकोने वाण म्हणून वालाच्याच पुड्या वाटल्या. शेजारच्या काकूंनी पुडी तिथेच उघडली, दाणा उजेडात धरला.

"हा तं तुया सासूचा वाल व्हय. मलेबी देल्ला होता तिनं," त्या म्हणाल्या, "म्या भाजीत टाकून खाल्ला."