स्टेनने लाकडावर होडी उतरवताना कड कशी राखावी

"स्टेन्सिल ठेवा, स्टेन फासा, स्टेन्सिल उचला, झालं!" असं सांगणाऱ्याने पाइनच्या फळीवर डोलकाठी कधी उतरवलेली नसते. भिंतीवर रंगाने हे जमतं, लाकडावर स्टेनने, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या पातळ रंगाने, जमत नाही. का जमत नाही हे कळल्याशिवाय डबा उघडूच नका.

आधी फळी. बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यांत मशीनचे भाग ज्या खोक्यांतून येतात, त्यांच्या पाइनच्या फळ्या भंगारात मिळतात. एचटी शिक्का असलेलीच घ्या, तिच्यातली कीड उष्णता देऊन मारलेली असते. एमबी शिक्का म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेली, ती घरात नको. ऑइलचा डाग असेल तिथे स्टेन शिरत नाही, म्हणून तीही सोडा. सागाचा हट्ट धरू नका. साग मुळात गडद आणि तेलकट, त्यावर होडी उठून दिसत नाही. दीड फूट लांब, दहा इंच रुंद फळी पुरते.

१२० नंबरचा पॉलिशपेपर, मग १८०चा, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासायचा. त्याहून गुळगुळीत केलं तर स्टेन नीट धरत नाही.

स्टेन्सिल म्हणजे आकार कापून काढलेला साचा, त्यासाठी ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) आणि नवं ब्लेड. आंबोली उतरून वेंगुर्ल्याला गेलात तर वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या समोरून नाही, बाजूने बघा. बुडाचा बाक आणि शेजारची उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेला ओंडका, बाजूनेच कळते. इंटरनेटवरच्या जहाजाच्या नांगर-चाकाच्या चित्रांपेक्षा ही आपली होडी शंभर पटीने चांगली. शीड आणि बूड यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरचा पूल, म्हणजे न कापलेली पट्टी, ठेवा, नाहीतर मधला तुकडा गळून पडतो.

आता अवघड भाग.

बहिणीच्या वास्तुशांतीला द्यायला मी एक मोठी फळी केली होती. स्टेन्सिल चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवलं, वरून वजन ठेवलं. उचलून बघते तर डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तांबूस केस फुटलेले, काही अर्धा इंच लांब. फळी वाया गेली आणि बहिणीला विकतची भेट न्यावी लागली, त्याचं मला फार वाईट वाटलं. टेप कमी पडली असं समजून पुढच्या दोन फळ्याही मी तशाच घालवल्या. शेवटी घरी दारं बसवायला आलेल्या खानापूरच्या मिस्त्रीमामांना दाखवल्या. त्यांनी डागावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "रंग वरनं जात नाही बाई, आतनं जातोय. त्याची वाट तोड की."

लाकूड म्हणजे आडव्या घातलेल्या बारीक नळ्यांची मोळी. स्टेन पाण्यासारखा पातळ असतो, तो या नळ्यांत ओढला जातो. स्टेन्सिल वर असतं आणि स्टेन त्याच्याखालून, लाकडाच्या पोटातून पळतो. टेप कितीही घट्ट लावा, काही उपयोग नाही. आधी सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) मारा हा सल्लाही मला पटत नाही. सीलरवर स्टेन मुरतच नाही, फडक्याने पुसला की निघून जातो.

म्हणून पहिली गोष्ट, फळी अशी धरा की रेषा आडव्या येतील. क्षितिज, लाटा, उलांडी सगळं रेषांबरोबर जातं आणि तिथे थोडं पसरलं तरी लाट लांबल्यासारखी दिसते. राहते ती उभी डोलकाठी आणि शिडाची कड. तिथे स्टेन्सिल ठेवून ब्लेडचं टोक कडेने फिरवा. अर्धा मिलिमीटर खोल, जास्त नाही. नळ्या कापल्या गेल्या की स्टेन त्या चिरेपाशी थांबतो. चीर नंतर दिसत नाही, उलट कड रेखीव वाटते. ब्लेड बोथट असेल तर तंतू कापले न जाता चिरडतात आणि तिथेच डाग साचतो. दर फळीला नवं ब्लेड घ्या, यात काटकसर नको.

दुसरी गोष्ट, ब्रश जवळजवळ कोरडा हवा. तेलाच्या स्टेनचा डबा हलवू नका. तळाशी बसलेला दाट गाळ काडीने काढून बशीत घ्या. टोक सपाट असलेला गोल ब्रश त्यात टेकवा आणि वर्तमानपत्रावर आपटत राहा, ठसा पुसट सावलीसारखा येईपर्यंत. मग ब्रश उभा धरून टिपत जा, कडेकडून आत. ओढायचा अजिबात नाही. पहिल्या हातात रंग फिका दिसतो आणि इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. थांबा. पंधरा मिनिटांनी दुसरा हात, मग तिसरा. एका ओल्या हातापेक्षा तीन कोरडे हात केव्हाही बरे. बाजूला त्याच फळीचा एक तुकडा ठेवा आणि प्रत्येक हात आधी त्यावर बघा.

स्टेन्सिल सरळ वर उचला. एक दिवस वाळवा, पावसाळ्यात दोन किंवा तीन. बोट लावून चिकट वाटलं तर अजून थांबा. वरून पातळ वार्निश, पहिला हात हलका, कारण घासलात तर खालचा स्टेन सुटतो.

तेलाच्या स्टेनची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. अंगणात एकेक पसरून कडक वाळू द्या, मगच टाका.

टांगताना फळीच्या मागे चारी कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवा. आपल्याकडे आषाढात भिंतींना ओल येते, विशेषतः खानापूरच्या बाजूला. फळी भिंतीला टेकली तर दसऱ्यापर्यंत पाठीवर बुरशी धरते.