लिंक बिल्डिंगची सर्व्हिस घेताय? आधी साइटची यादी उघडून बघा

लिंक बिल्डिंग म्हणजे गूगलमध्ये वर यायला मदत व्हावी म्हणून दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या साइटकडं लिंका मिळवणं. तुमची वेबसाइट नीट चालते, सर्च कन्सोल (आपली साइट गूगलमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल) जोडलेलं आहे, पानांवर वाचण्यासारखं काहीतरी आहे, एवढं धरून चालतो. नसेल तर आधी ते करा.

सर्च कन्सोलमधला लिंक्सचा रिपोर्ट डाउनलोड करून ठेवा, मग दोन-तीन सर्व्हिसवाल्यांकडून कोटेशन मागवा. "महिनाभरात पहिला नंबर, गॅरंटी" म्हणणाऱ्याला तिथंच नमस्कार करा, अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही हे गूगल स्वतः सांगतं.

आता खरी गोम. आधी कुठं कुठं लिंका टाकल्या ती यादी मागा, देत नसेल तर विषय संपला. दिली तर एक्सेल येते, त्यात डीए ४०, डीए ५५ असे आकडे, आणि नवीन माणूस इथंच भुलतो, मलाही हे उमगायला वेळ लागला. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, साइट किती वजनदार आहे याचा मॉझ कंपनीचा अंदाजी आकडा, गूगल तो वापरत नाही, आणि तो फुगवता येतो हो! तो कॉलम झाका आणि एकेक साइट स्वतः उघडा. पैठणीच्या एका दुकानासाठी आलेल्या यादीत मी बघितलेली साइट अशी: वर ऑनलाइन रमी, खाली टेक्सासचा डेंटिस्ट, त्याखाली केसगळतीचं तेल, प्रत्येक लेखात बाहेर जाणारी एकच लिंक, लेखक सगळीकडं 'अॅडमिन', संपर्काला नुसता जीमेल. हे लिंका विकायचं दुकान आहे, इथं पैठणी घ्यायला कोण येणार सांगा. मग गूगलमध्ये site: (इंग्रजीत, कोलनसकट) आणि त्याला जोडून ते डोमेन टाकून बघा, काहीच दिसत नसेल तर गूगलनं ती बहुतेक बाहेरच ठेवलीय. वेबॅक मशीनमध्ये (साइटची जुनी पानं जपून ठेवणारी साइट) जुनं रूप पण बघा, आधी शाळेची साइट आणि आता कॅसिनो असेल तर कुणीतरी मुदत संपून सुटलेलं डोमेन उचललंय.

रँकिंगसाठी लिंक विकत घेणं गूगलच्या नियमात स्पॅमच आहे, पैसे देऊन छापलेल्या लेखातल्या लिंकला कोडमध्ये स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो अशी खूण लावावी लागते, म्हणजे ती रँकिंगसाठी नाही हे गूगलला कळतं. डिसेंबर २०२२ च्या अपडेटपासून स्पॅमब्रेन हे गूगलचं स्पॅम पकडणारं एआय असल्या लिंका ओळखून त्यांचं वजनच काढून टाकतं, नोटीस येत नाही, पैसे मात्र गेलेले असतात. म्हणून सर्व्हिसवाल्याला पैसे द्या ते लिहिण्याचे, फोन-मेल करून माणसं गाठण्याचे.

काम काय सांगायचं? पैठणीवाल्यानं हातमागाची पैठणी उलट बाजूनं कशी ओळखायची यावर मागाच्या फोटोंसकट एक चांगलं पान करावं आणि वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीवर लिहिणाऱ्यांना ते दाखवायला लावावं. जालन्याच्या मोसंबीला २०१६ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, रोपवाटिकावाल्यानं बागेच्या खऱ्या नोंदी टाकाव्यात, शेतीवर लिहिणारे आपणहून लिंक देतात.

लिंकवरचे शब्द दुकानाच्या नावाचेच ठेवा. सगळीकडं "बेस्ट पैठणी ऑनलाइन" असं कोंबायला लागले तर लगेच थांबवा, २०१२ च्या पेंग्विन नावाच्या अपडेटपासून गूगल असल्या लिंकांच्या मागं आहे.

पैसे हप्त्यानं द्या आणि दर महिन्याला प्रत्येक लिंक उघडून बघा, काही जण पूर्ण पेमेंट मिळालं की गुपचूप काढून टाकतात. फरक दिसायला काही महिने जातात, तोवर डिसअव्हाऊ टूलला (अमुक लिंका मोजू नका असं गूगलला सांगायचं टूल) हात लावू नका, ते मॅन्युअल अॅक्शन (गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई) आली किंवा येईल अशी खरी भीती असली तरच.